उंट वाहून गेला, याला पुरावा काय?

एका दमडीच्या तेलात अख्खं घर न्हाऊन-माखून निघतं, तरी तेल उरतं. उरलेलं सांडतं, त्याचा ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्या ओघळात एक उंट वाहून जातो. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांतून हा उंट पिढ्यान्‌पिढ्या वाहतो आहे. अलंकार ओळखा म्हटलं की विद्यार्थी ‘अतिशयोक्ती’ लिहितो, गुण घेतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वेशीपाशी उंट आला कुठून, तो कुणाच्या मालकीचा होता, त्याने हातपाय का मारले नाहीत, असल्या शंका काढणारा मुलगा वर्गात अरसिक ठरतो. आता हाच मुलगा अकरावीला कला शाखेत जातो आणि तर्कशास्त्र हा ऐच्छिक विषय घेतो. तिथे त्याला सांगतात की हातात दमडीचा पुरावा असताना उंटाएवढा निष्कर्ष काढणं हा दोष आहे. तेल तेच, उंट तोच. पेपर बदलला की गुण जातो.

जन्मभर शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून झाल्यावर माझं असं पक्कं मत झालं आहे की अलंकार आणि तर्कदोष ही सख्खी भावंडं आहेत. एक कवीच्या घरी दत्तक गेलं, दुसरं वकिलाच्या. श्लेष म्हणजे एका शब्दात दोन अर्थ. व्यासपीठावर केला तर टाळी मिळते, भांडणात केला तर त्याला छल म्हणतात आणि समोरचा बाह्या सरसावतो. दृष्टान्त दिला की विषय खुलतो. दृष्टान्तालाच पुरावा मानलं की विषय संपतो. ॲरिस्टॉटलने तर्कदोषांची यादी केली ती १३ दोषांची, आणि त्यातले ६ निव्वळ भाषेच्या पोटातून निघालेले. अथेन्सची माणसं नाटकाला आणि भांडणाला तितक्याच हौसेने जमत असत, त्यामुळे त्याला उदाहरणांसाठी फार लांब जावं लागलं नसणार.

आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अलंकार सांगितले ते चारच: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे येणाऱ्या पंडितांनी त्यात भर घातली, प्रत्येकाला आपल्या नावावर काहीतरी हवं होतं, आणि अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ही संख्या शंभराच्या पुढे गेली. एवढे दागिने घालून कविता चालणार कशी, हा विचार कवींनी करायचा होता. शाळेत त्यातले थोडेच पोचतात, आणि तेही मुलं चेहऱ्यावरून नव्हे, बिल्ल्यावरून ओळखतात. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ‘सारखा’, ‘परी’, ‘प्रमाणे’ दिसलं की उपमा. गाइडात तसं चौकटीत छापलेलंच असतं. एका मुलाने मला ‘नेहमीप्रमाणे बस उशिरा आली’ या वाक्यात उपमा काढून दाखवली होती. उपमेय आजची बस, उपमान कालची बस, साधर्म्यदर्शक शब्द ‘प्रमाणे’, साधारण धर्म उशीर. मी गुण दिला.

खरं तर अलंकार आता कवितेपेक्षा चौकात जास्त भेटतात. ‘दादा म्हणजे दादाच’ हा वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर शुद्ध अनन्वय आहे. त्रिभुवनात दुसरं उपमान सापडलं नाही म्हणून दादांना दादांचीच उपमा दिली, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो लावले. सहा महिने खणून ठेवलेल्या रस्त्यावर ‘विकासकाम प्रगतिपथावर’ अशी पाटी असते, ती अपन्हुती. हा खड्डा नव्हेच, हा विकास आहे. इथपर्यंत कोणाचं काही बिघडत नाही. अलंकार नुसता मिरवतो तोवर गोड असतो. तो कामाला लागला की पंचाईत होते. ‘आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे’ हे रूपक पगारवाढीच्या महिन्यात हमखास ऐकू येतं. कुटुंबात कोणी ओव्हरटाइम मागत नाही, एवढं त्यातून निघतं. कुटुंबात धाकट्या भावाला महिन्याची नोटीस देऊन काढून टाकत नाहीत, हेही त्यातून निघायला हवं. पण तो प्रसंग आला की रूपक मोडून पुन्हा कंपनी होते.

यमकाचं तर बोलायलाच नको. दोन ओळींची शेवटची अक्षरं जुळली की मधला अर्थ आपोआप जुळला असं आपण समजतो. उखाण्यांचा सगळा कारभार या समजुतीवर चालतो. ‘गच्चीवरती वाळत घातल्या मिरच्या लाल लाल, अमुकरावांचं नाव घेते, जेवायला या काल’ असा उखाणा उद्या एखाद्या मांडवात कोणी घेतला, तर आधी टाळ्या पडतील. आमंत्रण कालचं होतं हे ध्यानात यायला आइस्क्रीम संपावं लागेल.

आपल्या नैयायिकांना हे सगळे धोके ठाऊक होते. म्हणून त्यांनी एक डोंगर घेतला आणि त्याच्यावर शतकानुशतकं काढली. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ शिकलेल्या प्रत्येकाने हा डोंगर चढलेला असतो. उलट मात्र म्हणता येत नाही. जिथे अग्नी तिथे धूर, हे खोटं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. इतका बारीक विचार केलेल्या या माणसांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती: स्वयंपाकघर बदलणार नाही. परवा आमच्याकडे इंडक्शनवर फोडणी करपली. घरभर धूर आणि अग्नीचा पत्ता नाही. एवढी जुनी व्याप्ती चमचाभर मोहरीने मोडली. मी हे बायकोला समजावून सांगायला गेलो, तेव्हा तिने मला खिडक्या उघडायला सांगितल्या.

दिसायला हेतू, पण असायला नाही, त्याला हेत्वाभास म्हणतात. ‘तर्कसंग्रहा’तली त्याची उदाहरणं वाचताना प्रथम वाटतं, असं कोण बोलेल? ‘आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे.’ हा आश्रयासिद्ध. ज्याच्याबद्दल बोलायचं ती वस्तूच जागेवर नाही. मग आठवतं की अजून पाया न खणलेल्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावरून तलाव किती सुंदर दिसतो, हे सांगणारी जाहिरात आपण सकाळीच वाचली आहे. कमळाला वास होता की नव्हता ते अन्नंभट्ट जाणे. या कमळाचं बुकिंग चालू आहे.

माझी भाची यंदा अकरावीला आहे. तिने तर्कशास्त्र घेतल्यापासून माझ्या बहिणीच्या घरातली शांतता गेली आहे. बहिणीचा फोन येतो, “दादा, हिला काहीतरी समजाव रे. बोलायची सोय राहिली नाही.” झालं असं, की भाची आणि तिच्या मैत्रिणी दुपारभर धिंगाणा घालत होत्या आणि बहीण म्हणाली, “घर डोक्यावर घेतलंय नुसतं!” त्यावर भाची म्हणाली, “आई, कसं घेणार? भाड्याचं आहे.”

याला उपचारछल म्हणतात, हे मी फोनवर बहिणीला सांगितलं. लाक्षणिक बोलणं धरून ठेवायचं आणि त्याचा वाच्यार्थ काढून समोरच्याला खोटं पाडायचं. ‘माचे ओरडताहेत’ असं कोणी म्हणालं, तर माच्यांवर बसलेली माणसं ओरडताहेत हे समजून घ्यायचं असतं. छलवादी म्हणतो, माचा लाकडाचा, त्याला तोंड कुठे? न्यायसूत्रांच्या भाष्यात हे उदाहरण आहे. तिथेच वाक्छलाचंही आहे. कोणीतरी साधेपणाने म्हणतो की हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. प्रतिपक्षी उठतो आणि विचारतो, नव म्हणजे नऊ, मला तर एकच दिसते, उरलेल्या आठ कुठे आहेत? हा प्रतिपक्षी अकरावीला असणार, अशी आता माझी खात्री झाली आहे. बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे यालाही पुस्तक आहे? मग ही सुधारायची नाही.”

व्यंजनेचे तर त्या घरात रोज हाल होतात. ‘सूर्य मावळला’ हे वाक्य ऐकून गुराख्याला गुरं वळवावीशी वाटतात, प्रेयसीला निघावंसं वाटतं आणि ब्राह्मणाला संध्या आठवते. शब्द एकच, अर्थ ऐकणाऱ्यागणिक निराळा. संस्कृत काव्यशास्त्रात हे उदाहरण फार प्रिय. बहीण संध्याकाळी नुसतं “साडेसात वाजले” म्हणते. नवऱ्याने त्यातून दूध आणायचं आहे हे समजायचं, मुलाने टीव्ही बंद करायचा, सासूबाईंनी गोळी घ्यायची आणि खाली बसायला आलेल्या शेजारणीने उठायचं. काव्यशास्त्रकार मम्मटाला इतके श्रोते एका खोलीत मिळाले असते तर त्याने आपल्या ग्रंथात आणखी एक उल्लास लिहिला असता. भाची घड्याळाकडे बघून म्हणते, “सात अठ्ठावीस झालेत.”

पण तिने एका बाबतीत घरच्यांची बोलती बंद केली, त्याचं मला कौतुक आहे. एक घटना दुसरीच्या नंतर घडली म्हणून तिच्यामुळे घडली असं मानणं, हा तर्कदोषांमधला सगळ्यात कष्टाळू दोष. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढं आपण म्हणीत कबूल करतो. काकतालीय न्याय म्हणून त्याला शास्त्रातही जागा आहे. आणि मग लग्नाच्या मोसमात त्यालाच पायगुण म्हणतो. भाचीच्या वडिलांच्या गावाकडे सून घरात आली आणि आठ दिवसांत म्हैस व्याली. सून लक्ष्मीच्या पावलाने आली, असं सगळे म्हणू लागले. भाचीने विचारलं, म्हैस किती महिने गाभण असते? दहा, असं उत्तर आलं. मग त्या दहा महिन्यांतलं सुनेकडे कुठलं काम होतं, असं तिने विचारलं. चुलतआजोबा म्हणाले, “शिकल्या-सवरल्या मुलींना या गोष्टी कळायच्या नाहीत.” सून मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसली. तिला हिशेब कळला होता. लक्ष्मीचं पाऊल ठरण्यातली अडचण अशी, की म्हैस आटेल तेव्हाही तेच पाऊल शोधत लोक येणार.

म्हणींवर या बाबतीत अजिबात विसंबू नये. त्या दोन्ही पक्षांकडून मानधन घेतात. शितावरून भाताची परीक्षा करा, असं एक म्हण सांगते. पाचही बोटं सारखी नसतात, असं दुसरी तितक्याच ठामपणे. घाईने सामान्य विधान करावं की करू नये, हा प्रश्न आपण ज्या म्हणीचं तोंड आधी उघडेल तिच्यावर सोडला आहे.

भाचीचं कौतुक केलं खरं, पण तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक खोड असते. दोष सापडला की ते निकाल लावून मोकळं होतं. तिच्या आजीने सांगितलं, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नकोस. का? माझ्या सासूबाई सांगायच्या. झालं. परंपरेचा आधार, आप्ताचा आधार, दोन दोष एका वाक्यात. भाचीने दोन्हींची नावं सांगितली आणि ओला चमचा घातला. काही दिवसांनी लोणच्यावर पांढरी बुरशी आली. आजींचा हेतू लंगडा होता, साध्य मात्र ठणठणीत होतं. ओलाव्याने बुरशी धरते, हे आजींना सांगता आलं नाही; त्यांच्या सासूबाईंना सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे. चुकीचं कारण देणारा माणूस बरोबर असू शकतो, ही गोष्ट अकरावीच्या मुलांना शिकवायला कैरीचं लोणचं आणि पंधरा दिवस, एवढंच साहित्य लागतं. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी बरणी रात्री जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. उपनय आणि निगमन दोन्ही त्यात आलं.

तर्कदोषांचं प्रात्यक्षिक एकाच जागी बघायचं असेल, तर मात्र कुठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन बसावं. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ती पाऊस ओसरताना येते. आणि पाऊस ओसरताना भिंतींवर त्याने काय लिहून ठेवलंय ते वाचता येऊ लागलेलं असतं. म्हणून विषयपत्रिकेवर काहीही असो, विषय गळतीचाच असतो. असंगती नावाचा एक अलंकार आहे. कारण एका ठिकाणी आणि कार्य भलत्याच ठिकाणी. कवींना त्याची उदाहरणं शोधत फिरावं लागतं. आमच्याकडे मोरी तिसऱ्या मजल्यावर आणि ओल दुसऱ्या मजल्यावर.

न्यायसूत्रांत गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचं, ती वितंडा. आमच्या सोसायटीत वादाला कोरम मिळत नाही. तो नसल्यामुळे सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांत कायदेशीररीत्या सुरू होते. भाची त्या दिवशी आमच्याकडे आली होती; तिला मी वही घेऊन शेजारी बसवलं. वादात माणूस कुठे कुठे हरतो त्या २२ जागा, म्हणजे निग्रहस्थानं, गौतमाने नावानिशी दिलेली आहेत. ती मी तिला दुपारी उतरवून दिली होती.

दुसऱ्या मजल्याने (आमच्याकडे माणसं मजल्याने ओळखली जातात) सुरुवात शास्त्रशुद्ध केली. माझ्या पॅसेजच्या छताला ओल आहे, त्याच्या वर तिसऱ्या मजल्याची मोरी आहे, मोरी गळते तिथे खाली ओल येते, जशी गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावर आली होती, तशीच ही आहे, म्हणून वरची मोरी गळते. पाचही अवयव जागच्या जागी. असा माणूस सभेत हरणार हे तेव्हाच दिसत होतं.

उत्तर ‘गळते’ किंवा ‘गळत नाही’ एवढंच असायला हवं. तिसरा मजला उठला आणि म्हणाला, “आणि तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी पहिल्या मजल्याच्या कपड्यांवर पडतं, त्याचं काय?” भाचीने वहीत खूण केली: मतानुज्ञा. आपल्यावरचा आरोप खोडायचा नाही, तसलाच समोरच्यावर करायचा. त्यात आपण आपला दोष मान्य करून बसलो, हे बोलणाऱ्याला कळत नाही. ते सभेलाही कळलं नाही. पहिला मजला तोवर डुलक्या काढत होता. तो जागा झाला आणि कुंड्यांवर बोलू लागला.

मग एक निवृत्त अधिकारी उभे राहिले. गळती म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवलं पाहिजे, असं ते म्हणाले. इमारत बांधली तेव्हापासून त्यांनी सुरुवात केली. निग्रहस्थानांत याला अर्थान्तर म्हणतात, आणि न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी त्याचं उदाहरण असं दिलं आहे की मी ते वर्गात शिकवताना नेहमी हसत असे. एक पंडित शब्द नित्य आहे हे सिद्ध करायला उठतो, ‘माझा हेतू असा’ म्हणतो, आणि मग ‘हेतू’ हा शब्द अमुक धातूला तमुक प्रत्यय लागून झाला आहे, तो कृदन्त आहे, असं सांगत सांगत व्याकरणात नाहीसा होतो. आमचे अधिकारी सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळात नाहीसे झाले. ते परत आले तेव्हा दोन विषय पुढे गेले होते.

सी विंगच्या काकूंनी म्हातारी आणि काळ दोन्ही आणले. “आज यांची मोरी सोसायटीने करून द्यायची, उद्या कोणी ओटा मागेल, परवा कोणी म्हणेल माझा रिमोट चालत नाही.” मोरीपासून रिमोटपर्यंतचा उतार त्यांनी एका दमात गाठला. वास्तविक मोरी-संडासाची आतली गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची सोसायटीने, असं आदर्श उपविधींत सरळ लिहिलेलं आहे. ते कोणी वाचून दाखवलं असतं तर सभा दहा मिनिटांत संपली असती. सेक्रेटरींच्या पिशवीत उपविधींचं पुस्तक होतं. पिशवी उघडली गेली ती लेटरहेडसाठी.

खजिनदार म्हणाले, मी इतकी वर्षं इथे राहतो, माझ्या छताला कधी ओल आली नाही, तेव्हा गळतीचा बाऊ करण्यात अर्थ नाही. खजिनदार सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या डोक्यावर मोरी नाही, गच्ची आहे, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव त्यांनीच मांडला होता. मग प्लंबरची साक्ष निघाली. पाणी वरून नाही, साइडने येतंय, असं तो म्हणाल्याचं तिसऱ्या मजल्याने सांगितलं. शब्दप्रमाणाला आप्त माणूस लागतो, असं न्यायसूत्रं म्हणतात. हा प्लंबर तिसऱ्या मजल्याचा आप्तच होता. त्यांचा नहाणी ट्रॅप त्यानेच बसवला होता.

दुसऱ्या मजल्याचा तोल तिथे गेला. “अहो, मे महिन्यात तुम्हीच जिन्यात म्हणाला होतात ना, मोरी फोडून बघू म्हणून?”

“मी असं म्हटलंच नव्हतं.”

प्रतिज्ञासंन्यास. आपलंच म्हणणं अंगाशी आलं की ‘असं कोण म्हणालं?’ असं विचारून मोकळं व्हायचं. वैराग्याशिवाय घेता येणारा एवढा एकच संन्यास आहे. यानंतर सगळे एकदम बोलू लागले. पार्किंग, कबुतरं, टँकर, कोणाच्या तरी कुत्र्याचं लिफ्टमधलं वर्तन. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेल्या शब्दांच्या राशीला अपार्थक म्हणतात. त्याचं शास्त्रातलं उदाहरण ‘दहा डाळिंबं, सहा अपूप’ असं आहे. ते निदान खाण्याजोगं होतं.

भाची माझ्या कानाशी लागली. “मामा, यातल्या एकाचाही मुद्दा धड नाही. पण मोरी गळतेय ना?”

“गळतेय.”

“मग?”

मी काही म्हणायच्या आत अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना एका साखरपुड्याला जायचं असल्याचं जाहीर केलं. काम आहे असं सांगून चर्चा सोडून जाणं हेही निग्रहस्थान आहे, त्याला विक्षेप म्हणतात. जायच्या आधी त्यांनी मतदान घेतलं. तिसऱ्या मजल्याची मोरी गळते असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. पाण्याने कुठून जावं हे त्या दिवशी बहुमताने ठरलं.

इतिवृत्त काही आठवड्यांनी आलं. ‘गळतीच्या विषयावर खेळीमेळीच्या वातावरणात साधकबाधक चर्चा झाली. चर्चेअंती अशी कोणतीही गळती होत नसल्याचे सर्वानुमते ठरले. सदर गळतीची पाहणी करण्यासाठी तीन सदस्यांची उपसमिती नेमण्यात आली.’ भाचीने त्यावर लाल पेन चालवलं. ‘खेळीमेळीच्या’ खाली अतिशयोक्ती, ‘सर्वानुमते’ खाली भ्रान्तिमान, आणि शेवटच्या दोन वाक्यांना मिळून एक महिरपी कंस, त्यापुढे विरोधाभास. तिला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नव्हती.

ठरावाचे सूचक तिसरा मजला होते, ते समजण्यासारखं आहे. अनुमोदक म्हणून दुसऱ्या मजल्याचं नाव होतं. मी त्यांना जिन्यात गाठलं.

“अहो, ठराव तुमच्या विरुद्ध होता. अनुमोदन तुम्ही कसं दिलंत?”

“कोणीतरी अनुमोदन दिल्याशिवाय समोसे वर आणणार नव्हते,” ते म्हणाले, “आणि ते खाली थंड होत होते.”